तेरड्यावर डाग नव्हता

कारंज्याभोवती कुठली झाडं लावायची, एवढं ठरवायला मला नऊ महिने लागले. तेवढ्यात माणसं घर बांधून वास्तुशांत उरकतात. गोखिवऱ्याच्या आमच्या सोसायटीत लोक तोंडावर म्हणायला लागले होते, की काका रिटायर झालेत, त्यांना कसली घाई. मी चिडायचो. चिडण्याची मला सवय आहे. पस्तीस वर्षं एका कंपनीत ड्राफ्ट्समन होतो, दुसऱ्याची रेघ एक मिलिमीटर सरकली तरी माझं डोकं फिरायचं. पण या खेपेला चिडून गप्प बसावं लागत होतं, कारण उशीर का होतोय हे मी कोणाला सांगू शकत नव्हतो.

आधी कारंजं सांगतो. बिल्डरने फ्लॅट विकताना रंगीत पुस्तिकेत जे जे दाखवलं होतं, त्यातली खरोखर हातात पडलेली ही एकच गोष्ट. दोन विंगच्या मधे अष्टकोनी टाकी, तिच्यात गुडघाभर पाणी आणि मधोमध एकावर एक तीन थाळ्या. संध्याकाळी सहा ते आठ पंप चालतो. पावसाळ्यात तो बंद असतो आणि पाणी नुसतं साचून राहतं. वारा बहुतेक पश्चिमेचा, त्यामुळे तुषार सगळे पूर्वेच्या वाफ्यावर पडतात. पहिल्याच वार्षिक सभेत मी बागेच्या नकाशातल्या चुका काढल्या होत्या. जो चुका काढतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, तशी बाग माझ्या गळ्यात पडली.

साचलेल्या पाण्यात डास होऊ नयेत म्हणून दर शनिवारी टाकीत ब्लीचिंग पावडर जायची. बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं. हेही मीच करायचो. पहिल्या वर्षी पूर्वेच्या वाफ्यात हौसेने अनंत लावला. महिन्याभरात पानांच्या कडा तपकिरी झाल्या. नर्सरीवाला म्हणाला, खत कमी पडतंय. खत घातल्यावर ते झाड आणखी लवकर गेलं. मग मोगरा गेला, मग गुलाब. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की दोष मातीत नाही. तुषारांबरोबर पावडरचं पाणी पानावर बसतं, उन्हात वाळतं आणि कड जाळत आत सरकतं. तेव्हापासून त्या पावडरीवर माझा राग होता. शनिवारी बादली हातात घेतली की मी बायकोला म्हणायचो, चाललो विष घालायला.

तळमजल्यावर काकू राहायच्या. सगळी सोसायटी त्यांना काकूच म्हणते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. राजोडीच्या बाजूला त्यांची वाडी होती, केळीची, फुलांची आणि खायच्या पानांची. दिरांमध्ये वाटण्या झाल्या, नवरा गेला, आणि मुलाच्या नोकरीच्या सोयीने त्या इकडे फ्लॅटमध्ये आल्या. फ्लॅटविषयी त्यांची कधी तक्रार नसायची. फक्त गौरीच्या दिवसांत त्या बेचैन व्हायच्या. त्यांच्या घरात गौर म्हणजे मुळासकट उपटलेला तेरडा, आणि तो पाणवठ्याच्या काठावरून आणायचा. वाडीत बावखल होतं, म्हणजे गोड्या पाण्याचं लहान तळं. त्याच्या काठाला तेरडा आपोआप उगवायचा. इथे पहिल्या वर्षी त्यांनी बाजारातला तेरडा आणला, बाथरूमच्या नळाखाली धरला आणि त्यालाच पाणवठा मानलं. नंतर आठवडाभर त्या माझ्या बायकोला सांगत होत्या, की नळाखालून देव आनला मी, मला झोप नाय.

मग त्यांची नजर कारंज्यावर गेली. सोसायटीतलं उघडं पाणी तेवढंच. मला विचारून त्यांनी पूर्वेच्या वाफ्यात, टाकीच्या अगदी कडेला तेरड्याचं बी टाकलं. मला गंमत वाटली. टाइल्स लावलेल्या टाकीला पाणवठा म्हणणारं कोणीतरी असावं, हे मला आवडलंही. दोन वर्षं त्या काठावरून गौर नेत होत्या. पावसात टाकी भरून वाहायची आणि पावडरचं पाणी मुळाशी जायचं, त्यामुळे तेरडा जेमतेम जगायचा, पानं भाजल्यासारखी, फुलं आखूड. तिसऱ्या वर्षी, गौरीला पंधरा-सोळा दिवस असताना, त्या मला वाफ्यापाशी घेऊन गेल्या.

"भाऊ, बगा हा कसा करपलाय," त्या म्हणाल्या. "गौरीपुरती पंधरा दिवस पावडर बंद ठेवा ना. आन मला सांगा, गौर काय पावडरच्या पान्यातून आनायची?"

मी लगेच हो म्हणालो. एका क्षणाचाही विचार केला नाही, कारण मला हे कोणीतरी म्हणायलाच हवं होतं. त्या शनिवारी मी बादली जिन्याखाली पालथी घातली आणि पावडरचा डबा वरच्या फळीवर ठेवला. कमिटीला काही सांगितलं नाही.

तेरडा असा काही फोफावला, की येणारे-जाणारे थांबून बघायचे. गुलाबी आणि पांढरी फुलं, पानं काळपट हिरवी. काकूंची लेक नाशिकला दिली होती, शाळेत शिक्षिका होती. गौरीला ती दर वर्षी माहेरी यायची, त्या वर्षी तीन दिवस आधीच आली. सकाळी ती टाकीच्या कठड्यावर बसून पाण्यात पाय सोडायची आणि मांडीवरच्या परडीत फुलं निवडायची. मला हाक मारून एकेका झाडाचं नाव विचारायची. दोन मिनिटांनी त्याच झाडाचं पुन्हा विचारायची, मी वैतागतो हे तिला कळलं होतं. "काका, तुम्ही माझ्या वर्गात असता ना, तर रोज बाकावर उभे राहिला असता," असं ती म्हणाली होती.

गौर आणायच्या दिवशी दुपारी मी खुरपं घेऊन स्वतः तीन तेरडे मुळांसकट काढले. मुळं टाकीच्या पाण्यात बुडवून माती धुतली. काकूंच्या पुढे धरले आणि म्हणालो, "बघा काकू, एका पानावर डाग नाही." हे वाक्य मी त्या दिवशी निदान चार जणांना ऐकवलं असेल. त्यातला माझा आवाजसुद्धा माझ्या लक्षात आहे.

त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे गौर लेकीने आणायची, आणि पाणवठ्यापासून उंबरठ्यापर्यंत एक शब्द बोलायचा नाही, मागे वळायचं नाही. तिने तेरडे सुपात घेतले, पदराने झाकले आणि निघाली. हिरवी साडी, केसांत त्याच वाफ्यातली फुलं. सोसायटीतल्या पोरी तिला हसवायला मागून काहीबाही बोलत होत्या. तिचे खांदे हसण्याने हलत होते, पण ती वळली नाही. मी कारंज्यापाशी उभा राहून तिला आत जाईपर्यंत पाहिलं.

गौरीचं विसर्जन झालं. पंधरा दिवस संपले होते. पाऊस चालू होता, पंप बंद होता, बाग कधी नव्हे ती सुंदर दिसत होती. शनिवार आला तेव्हा मी स्वतःला म्हणालो, एक आठवडा आणखी जाऊ दे. काकूंनी मागितले होते पंधरा दिवस, पंचवीस मी केले. हा हिशेब मला कोणी विचारलेला नाही.

लेक अनंत चतुर्दशीपर्यंत राहायची होती. त्याच्या दोन दिवस आधी तिला ताप भरला. सुरुवातीला तापाची गोळी, पेज, पावसाळ्यातला ताप आहे म्हणून आराम. तिसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये डेंग्यू आला. हॉस्पिटल, प्लेटलेट, रक्तासाठी फोन. मीही दोन वेळा रक्तदात्यांना घेऊन गेलो. सहाव्या दिवशी सकाळी ती गेली. तिचा नवरा तिला नाशिकला घेऊन गेला आणि काकू रुग्णवाहिकेत पुढे बसून गेल्या. त्या परत आल्या तेव्हा पितृपक्ष सुरू झाला होता.

त्याच आठवड्यात पालिकेची माणसं तपासणीला आली. गच्चीवरच्या टाक्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, पलीकडच्या बांधकामावरची पिंपं, सगळं बघितलं. त्यातला एक जण कारंज्यापाशी वाकला, पांढऱ्या डबीत पाणी घेतलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. बारीक अळ्या वळवळत होत्या. "कारखानाच काढलाय तुम्ही," तो म्हणाला. पिंपातही अळ्या होत्या आणि दोन-तीन ताटल्यांतही. डासाच्या अंगावर पत्ता लिहिलेला नसतो, कुठला डास तिला चावला हे कोणालाच सांगता येणार नाही. बायकोने मला हे शंभर वेळा सांगितलं. मी शंभर वेळा मान हलवली आणि प्रत्येक वेळी मला ती डबी दिसली.

सभा बोलावली गेली. पावडर कोणी बंद केली, असा सरळ प्रश्न आला. काकूंचा मुलगा दाराशी उभा होता, बसला नव्हता. मी उठलो आणि म्हणालो, "मी बंद केली. माझी झाडं करपत होती."

यात काही मोठेपणा नव्हता. खोटंही नव्हतं म्हणा. पण मी काकूंचं नाव घेतलं असतं, तर ती बाई उरलेलं आयुष्य काय घेऊन जगली असती, एवढंच मला त्या क्षणी दिसलं. आपल्या गौरीसाठी आपणच सांगितलं आणि गौर घेऊन येणारी आपली लेक गेली, हे कुठल्याही आईला कळू नये. त्या दुःखात त्यांना आपलं ते बोलणं आठवत नसेल, अशी माझी आशा होती. आठवलं नसेल तर ते कधीच आठवू नये, याची जबाबदारी आता माझी आहे, असं मी ठरवून टाकलं. मुलाने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि तो निघून गेला. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही. आधी तो सकाळी बाईक काढताना "काका, चहा झाला का" विचारल्याशिवाय जायचा नाही.

सभेत दोन गोष्टी ठरल्या. पावडर दर शनिवारी पडणार, कोणीही सांगितलं तरी थांबणार नाही. आणि कारंज्याभोवती अशीच झाडं लावायची, जी ते पाणी सहन करतील. दुसरं काम मी मागून घेतलं. लोकांना वाटलं, म्हातारा प्रायश्चित्त घेतोय. ते फार चुकत नव्हते.

मी गच्चीवर कुंड्यांची रांग लावली. टाकीत असतं त्याच प्रमाणात पावडरचं पाणी बनवायचं आणि रोज संध्याकाळी फवारणीच्या बाटलीने पानांवर मारायचं. सकाळी बघायचं, कोणाची कड जळली, कोण तगून आहे. पाणी बादलीत दिवसभर उन्हात ठेवलं तर पावडरचा जोर उतरतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. त्यामुळे मुळांना तसं शिळं पाणी घालता आलं असतं. पण तुषार ताजेच उडणार, तिथे ही युक्ती चालत नाही. एका वहीत झाड, तारीख आणि पानाचं चित्र काढत होतो. चित्रं फार सुबक यायची. बायको चहा ठेवताना विचारायची, "आज कोण मेलं?" एकदा हे विचारून ती मधेच थांबली, आणि पुन्हा तिने तसं विचारलं नाही.

तेरडा मी त्या रांगेत ठेवलाच नाही. तो चार दिवसांत करपतो हे मला माहीत होतं.

त्या महिन्यांत मला काकूंची लेक दिसायला लागली. मी भूतखेत मानणारा माणूस नाही, गणपतीलासुद्धा बायको ढकलते म्हणून हात जोडतो. पण भर दुपारी, सोसायटी सामसूम असताना, मी खिडकीत उभा राहिलो की कारंज्यापासून तळमजल्याच्या दारापर्यंत हिरवी साडी चालत जाताना दिसायची. नेहमी पाठमोरी. सूप धरलेलं, खांदे किंचित हलणारे. तिचा चेहरा मी आठवायचा खूप प्रयत्न केला. कठड्यावर बसून माझी खोडी काढणारी ती मुलगी, तिचा चेहरा मी दहा दिवस रोज बघितला होता. आता तो येईना. मला फक्त ते न वळणं आठवायचं. एकदा मी खिडकीतून चक्क म्हणालो, "अगं, झालं आता, बघ मागे." बायको आतून धावत आली. मी म्हटलं, मांजराला हाकलत होतो.

कधी पंप बंद असताना पाण्यात पाय हलवल्याचा आवाज यायचा. मी खाली जाऊन बघायचो. पाणी स्वच्छ, निळसर, पावडरच्या वासाचं, आणि त्यात काही नाही. एक अळीसुद्धा नाही. दर शनिवारी मी पावडर इतकी चोख घालत होतो, की घड्याळ लावावं. तो वास मला नकोसा व्हायचा, आणि तो आला नाही तर मी पुन्हा पाण्यावर वाकून अळ्या शोधायचो.

होळीच्या सुमारास काकू पहिल्यांदा बागेत आल्या. मी खाली पाच-सहा कुंड्या आणून पूर्वेच्या वाफ्यात ठेवून बघत होतो. त्या कठड्यापर्यंत आल्या, बसल्या नाहीत. मी घाईघाईने बोलत सुटलो. हे कण्हेर, हे सगळ्यात चिवट, तीन महिने फवारतोय, एक पान गळलं नाही. बोलता बोलता माझं लक्ष त्यांच्या तोंडाकडे होतं, त्यांना काही आठवतंय का. त्यांनी कण्हेरीचं पान बोटांत धरलं.

"ही नको भाऊ," त्या म्हणाल्या. "इखारी असते. पोरं तोंडात घालतील."

बरोबर होतं. मी कण्हेर खोडली. पुढच्या आठवड्यात बोगनवेल आणली, त्या म्हणाल्या काटे लागतील. सदाफुली आणली, त्या म्हणाल्या ही तर रस्त्याला पन येते, ती कशाला. लिलीच्या कांद्याला म्हणाल्या पावसात कुजेल. कर्दळ गच्चीवर काय मस्त तगली होती, पानाला फक्त टोकाशी जरा पिवळेपणा. तिला म्हणाल्या, डास बसतात तिच्या पानात. मी कर्दळ उचलून वर नेली.

मधल्या काळात मी गवती चहासुद्धा लावून पाहिला. तो सगळ्यांत खूश होता. पण वरच्या मजल्यावरच्या कोणीतरी पाती कापून नेऊन चहा केला, आणि तरणतलावाचं पाणी उकळल्यासारखा लागतो म्हणून माझ्याकडे तक्रार घेऊन आले. बायको त्या दिवशी खूप हसली. मलाही हसू आलं, किती दिवसांनी आलं म्हणून लक्षात राहिलं.

काकू मात्र दर आठवड्याला येत होत्या, आणि मी आणलेलं प्रत्येक झाड नाकारत होत्या. मला त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. त्यांचा मुलगा सकाळी बाईकवरून जाताना आपल्या आईला माझ्याबरोबर वाफ्यात उभी बघायचा आणि तोंड फिरवायचा. एकदा तो थांबला, त्यांना म्हणाला, "आई, चल घरात." माझ्याकडे नजरही नाही. काकू म्हणाल्या, येते, तू जा. तो जोरात बाईक काढून गेला. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

जून उजाडला. पाऊस येण्याआधी झाडं लागली नाहीत, तर आणखी एक वर्ष वाफा उघडा राहणार होता. कमिटीने मला आठवडा दिला. मी गच्चीवरून एक्झोरा खाली घेऊन आलो, भरगच्च लाल फुलांचा. गच्चीवर तीन आठवडे फवारलेला, पूर्ण खात्रीचा. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हा पन नको."

आणि माझा तोल गेला. "का नको? याला काटे नाहीत, विष नाही, कुजत नाही, डास बसत नाहीत! मग लावू तरी काय मी इथे काकू? नऊ महिने झाले. तुम्हीच सांगा, काय लावू?"

त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. कठड्यावर बसल्या. लेक गेल्यापासून पहिल्यांदाच त्या तिथे बसत होत्या.

"फुलं येनारं काय पन लावू नका," त्या म्हणाल्या. "फूल आलं की परत कुनीतरी तुमच्याकडे येईल, भाऊ. म्हनेल, पंधरा दिवस पावडर बंद ठेवा."

हातातली कुंडी मी खाली ठेवली. इतके महिने मी ज्याच्यावर झाकण धरून बसलो होतो, ते आत कधीचंच उघडं होतं.

"बंद मी केली होती काकू," मी म्हणालो. "तुम्ही पंधरा दिवस म्हणालात. मी पुढेही बंदच ठेवली. चालू करायला विसरलो असंही नाही. मीच म्हटलं, राहू दे."

"सांगितलं मी होतं."

"तुम्हाला कधी आठवलं?"

"आठवायला इसरले कधी होते?" त्या म्हणाल्या. "ती आयसीयूत होती, तवाच मला कळलं होतं. पालिकावाले नंतर आले. आन मग मीटिंगवरनं पोरगा घरी आला नि म्हनाला, काकांनी आपल्या झाडांसाठी बंद केली. मी आत भांडी लावत होते. मला वाटलं, आता बाहेर जाते आन सांगते. पन नाय गेले. आज सांगते, उद्या सांगते, करत नऊ महिने झाले. तुम्ही माझं ओझं वाहताय, माझा पोरगा तुमच्याकडे बगत नाय, आन मी रोज तुमची झाडं नाय म्हनत उभी. मला काय झालंय मलाच कळत नाय."

त्या रडत नव्हत्या. मीच रडत होतो, चक्क दिवसाढवळ्या, दोन्ही विंगच्या खिडक्यांसमोर. नऊ महिने मी समजत होतो की एक बाई माझ्या मौनामुळे वाचली आहे. ती बाई तेच सगळं घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहत होती आणि मी तिला कर्दळीची पानं दाखवत होतो.

"आज तो आला की त्याला सांगनार," काकू म्हणाल्या. "तुमच्यावरचा आळ तरी जाईल."

"नका सांगू," मी म्हणालो. मी त्यांच्यापुढे अक्षरशः हात जोडले. "तो माझ्याशी बोलत नाही, ते मला चालतं काकू. सवय झाली. पण तुम्ही त्याच्याच घरात राहता. तो तुमच्याशी बोलायचा थांबला तर? त्याला बहीण नाही आता. आई तरी राहू दे."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गच्चीवरच्या रांगेतली बिनफुलांची झाडं घेऊन खाली उतरलो. स्नेक प्लांट पंधरा, उभ्या तलवारीसारखी पानं, कितीही फवारा, ढिम्म. मागच्या बाजूला अरेका पाम, कोपऱ्यांत घायपात. घायपाताला फूल यायला वर्षानुवर्षं लागतात, तेव्हा मी नसेन. पश्चिमेपासून सुरुवात केली, तरी अर्धं लक्ष तळमजल्याच्या दाराकडे होतं. त्यांनी रात्री सांगितलं असेल तर मुलगा बाहेर आल्यावर माझ्याकडे येईल. माफी मागेल, किंवा नुसता उभा राहील. मला त्या माफीची इतकी भीती वाटत होती, की एकच झाड मी दोनदा उपटून पुन्हा लावलं.

सातला दहा कमी असताना तो बाहेर आला. हेल्मेट घातलं, बाईक काढली. माझा पाण्याचा पाइप वाटेत आडवा पडला होता. तो थांबला. मी धावत जाऊन पाइप ओढला आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने समोर गेटकडे नजर लावली होती, जबडा घट्ट आवळलेला, रोजच्यासारखा. पाइप बाजूला झाल्याबरोबर तो निघून गेला.

मी तिथेच चिखलात खाली बसलो. इतकं हलकं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

काकूंची लेक गेली त्याला आता वर्ष होत आलं. झाडं उत्तम आहेत, एकाचीही कड जळलेली नाही. लोक म्हणतात, काका, सगळं हिरवंच आहे, जरा रंग हवा होता. काकूंनी या वर्षी गौर बसवली नाही. आणि त्यांचा मुलगा अजून माझ्याशी बोलत नाही. रोज सकाळी सातच्या आत मी खाली उतरतो आणि त्याची खात्री करून घेतो.